पाऊण

काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे पहिलं.
काटा कायम अर्धी टाकी दाखवतो,
रिकामी असो नाहीतर तुडुंब.
मी बोटाच्या पेरांनी ठोकत येतो, वरून खाली:
पोकळ, पोकळ, पोकळ,
आणि एका जागी आवाज बसतो,
पिकल्या फणसाचा बसतो तसा.
तिथं खडूची रेघ.
रेघ पाऊणच्या वर गेली की बोट पंपाच्या धक्क्याला न्यायची,
मग मालकाचे पाहुणे वर नाचत असोत
नाहीतर निजलेले.

हे शिकवलं परकारचाचांनी,
उम्म अल कुवेनच्या खाडीत, ऑगस्टमध्ये,
रेलिंगला हात लावला तर फोड येतो अशा दुपारी,
फळ्यांखाली दोघे पोटावर पडलेलो.
"टाकीला श्वास लागतो रे पोरा."
हवेच्या नळीचं तोंड मिठानं बुजतं.
ते बुजलं की आतले गुणी जंतू मरतात
आणि उरतात ते वास मारणारे.
ब्लीच ओतू नको. अत्तर तर नकोच.
तार घाल, गोड्या पाण्यानं धू, फुंकर मारून बघ.
हो, तोंडानं.

नळीची परीक्षा वेगळी.
गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर गुंडाळायचं,
गार झालं की नाकाला लावायचं.
फडक्याला वास आला तर नळी गेली,
वरून कितीही चकचकीत दिसू दे.

हर्णैला आई सांगत फिरते, मुलगा मोठ्या बोटीवर आहे.
मी फोनवर पितळ दाखवतो, तिवरांमागचा सूर्यास्त,
उथळ पाण्यातले गुलाबी पक्षी.
वॉल्व्ह दाखवत नाही.
हातमोजे दोरीवर वाळत असतात, तेवढा कोपरा टाळतो.
बापाच्या होडीला टाकीच नव्हती.
काठावर बसायचं, दोर धरून,
खाली समुद्र होताच सगळं घ्यायला.
घेशील का, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही.

एकदा रात्री मालकाचा मेहुणा म्हणाला,
दोन मैल बाहेर आहोत, अंधार आहे, उघड वॉल्व्ह.
चाचांनी हँडलला आवळलेली पट्टी दाखवली.
मग पेला भरून त्याच्यापुढे ठेवला.
"साहेब, हे पाणी कुठून आलं?"
किनाऱ्यावर कारखान्याचे दिवे दिसत होते,
हाच समुद्र ओढून नळाला गोडं पाणी सोडणाऱ्या.
मेहुणा पेल्याकडे बघत राहिला
आणि न पिता खाली गेला.
त्या महिन्यात चाचांचा पगार पंधरा दिवस उशिरा झाला.
मी म्हटलं, कशाला बोललात?
ते रबराच्या रिंगला ग्रीस लावत होते.
काही म्हणाले नाहीत.

आता चाचा अजमानच्या इस्पितळात,
खाटेच्या कडेला पिशवी टांगलेली:
नळी, चिमटा, छापील रेघा.
मी बोट धुऊन जातो, साबणानं हात तीनदा घासून.
ते तोंड खिडकीकडे फिरवतात.
खिडकीत एसीचे डबे, ठिबकणारे.
नळीला पीळ बसलाय, तो मी सोडवतो.
पिशवी खाटेवर ठेवली होती कुणीतरी काल,
मी रागावलो नर्सवर. ती म्हणाली, तुला कसं कळलं?
काय सांगणार.
पाणी नेहमी उतारानं जातं,
एवढ्यावर तर आमचं पोट.

"किती?" चाचा विचारतात, खिडकीलाच.
मी रेघेकडे बघतो. सवयीनं एकदा टिचकीही मारतो.
"पाऊण."
"मग वाट कसली बघतोस?"

चिमटा उघडतो. भांड्यात आवाज येतो,
आधी उंच, मग हळूहळू बसत जाणारा.
आम्ही दोघं तो ऐकतो.
चिमटा परत लावून मी दोनदा ओढून बघतो.

"डेकवरच्या झाकणाची रिंग बदललीस?"
अजून खिडकीकडेच.
"उद्या शुक्रवार. पाहुणे येतील."